ब्लॅक बेल्टची घाई कशाला?

प्रिय ताई,

मी प्लास्टिकचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. डिप्लोमा झाल्यावर इथेच लागले, आता सहा वर्षं झाली. बरोबरीचे पुढे गेले, मी आहे तिथेच आहे. एका सहकाऱ्याने दोन शनिवार-रविवारचा ऑनलाइन कोर्स करून सिक्स सिग्मा ब्लॅक बेल्ट मिळवला. तो म्हणतो, ‘ग्रीनमध्ये वेळ घालवू नकोस, सरळ ब्लॅक कर.’ आमचे मॅनेजर म्हणतात, ‘आयएसओ ९००१चा लीड ऑडिटर कर.’ स्टॅटिस्टिक्स हा विषय मी कसाबसा काढला होता, त्याची अजून धास्ती आहे. रोज तासभर अभ्यासाला मिळू शकतो. कामावर तर सगळा दिवस भांडणं मिटवण्यात जातो. पहिल्या शिफ्टने ओरखड्यावरून रिजेक्ट केलेला माल दुसरी शिफ्ट पास करते, दुसऱ्या दिवशी उलट. अशा ठिकाणी प्रोजेक्ट तरी काय करणार? मी कोणतं सर्टिफिकेट घेऊ, आणि त्याने बढती मिळेल का?

– शिफ्टच्या भांडणांना कंटाळलेली

तुमच्या पत्रातली सगळ्यांत मोलाची गोष्ट तुम्ही वैतागून, जाता जाता लिहिली आहे आणि लगेच पुढे ‘प्रोजेक्ट तरी काय करणार’ असं विचारलं आहे. तिच्याकडे येतेच. आधी हे बेल्टचं प्रकरण निस्तरू, कारण सहकाऱ्याने तुम्हाला अर्धीच माहिती दिली आहे.

सिक्स सिग्मा ही मोजमाप करून दोष कमी करण्याची पद्धत १९८६च्या सुमारास मोटोरोला कंपनीत आकाराला आली. बिल स्मिथ या इंजिनिअरचं नाव तिच्याशी जोडलेलं आहे. १९९५मध्ये जनरल इलेक्ट्रिकचे प्रमुख जॅक वेल्च यांनी ती आपल्या कंपनीभर राबवायला घेतली आणि मग तिचा गाजावाजा झाला. ग्रीन बेल्ट (खालची पायरी), ब्लॅक बेल्ट (वरची) या पदव्या मुळात कंपन्यांच्या आतल्या होत्या. आपल्याच माणसाला शिकवायचं, त्याच्याकडून एक खरा प्रश्न सोडवून घ्यायचा आणि मग बेल्ट द्यायचा, असा तो व्यवहार. पुढे बेल्ट बाजारात आले. आज जगात अशी एकही संस्था नाही, जिच्या परवानगीशिवाय ‘ब्लॅक बेल्ट’ हे शब्द सर्टिफिकेटवर छापता येत नाहीत. आयएसओ या मानकं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१५मध्ये १८४०४ क्रमांकाचं मानक काढलं, त्यात कोणत्या पातळीच्या माणसाला काय काय यायला हवं हे लिहिलेलं आहे. पण ते पाळण्याची सक्ती कोणावर नाही. त्यामुळे बेल्टचा रंग विचारण्याआधी दोन गोष्टी विचारायच्या: तो दिला कोणी, आणि देताना तुमच्याकडून काय मागितलं?

या प्रश्नाची उत्तरं किती वेगळी असू शकतात पाहा. एएसक्यू ही गुणवत्ता क्षेत्रातली, अमेरिकेतली १९४६ साली स्थापन झालेली जुनी संस्था. तिच्या ब्लॅक बेल्ट परीक्षेला बसायचं तर दोन पूर्ण झालेले प्रोजेक्ट, सही केलेल्या प्रतिज्ञापत्रासह, दाखवावे लागतात. किंवा एक प्रोजेक्ट आणि तीन वर्षांचा संबंधित अनुभव. ग्रीन बेल्टला प्रोजेक्ट मागत नाहीत, पण तीन वर्षांचा पगारी अनुभव लागतो. तुमची सहा वर्षं इथे कामी येतात. दुसरीकडे आयएएसएससी ही बेल्टच्या परीक्षा घेणारी संस्था ना अनुभव मागते ना प्रोजेक्ट. परीक्षा पास व्हा, सर्टिफिकेट घ्या. तिची परीक्षा पुस्तकं बंद ठेवून द्यायची असते, एएसक्यूची पुस्तकं उघडून. दोन्ही नावं ओळखीची आहेत आणि दोन्ही परीक्षा खऱ्या आहेत, पण एकीवरून कळतं की या माणसाने काम केलं आहे, दुसरीवरून कळतं की याला विषय माहीत आहे. नियम अधूनमधून बदलतात, तेव्हा अर्ज भरण्याआधी संस्थेच्या साइटवरचा ताजा मजकूर स्वतः वाचा, एजंटच्या तोंडून ऐकू नका.

आणि तिसरा प्रकार तुमच्या सहकाऱ्याचा. दोन वीकेंड, शेवटी वीसेक प्रश्नांची चाचणी, नापास झालात तर लगेच पुन्हा द्या. हे हजेरीचं सर्टिफिकेट झालं. ते घेण्यात पाप नाही, काही जणांना तेवढ्याने विषयाची तोंडओळख होते. पण ज्याने हे काम केलेलं आहे असा माणूस मुलाखतीत समोर बसला, तर त्याचा पहिला प्रश्न ‘तुमचा प्रोजेक्ट सांगा’ हाच असतो. दुसरा प्रश्न असतो ‘मोजमाप बरोबर आहे याची खात्री कशी केलीत?’ नुसत्या स्लाइड पाहिलेल्या माणसाचा इथे घसा कोरडा पडतो. ग्रीन बेल्टवाल्याने अडखळून का होईना खरं उत्तर दिलं तर चालून जातं. ब्लॅक बेल्ट म्हणवणाऱ्याला मात्र तेवढी सवलत मिळत नाही. मला विचाराल तर खरा ग्रीन हा पोकळ ब्लॅकपेक्षा केव्हाही बरा.

आता तुमचे मॅनेजर. ते चुकीचं सांगत नाहीत, पण ते वेगळ्याच कामाबद्दल बोलत आहेत. आयएसओ ९००१ हे कंपनीच्या गुणवत्ता व्यवस्थेचं मानक आहे. पहिल्यांदा १९८७मध्ये आलं, पुढे सुधारत गेलं, २०१५ची आवृत्ती तुमच्या कारखान्यातही कुठल्या तरी फायलीत असेल. त्याचं सर्टिफिकेट कंपनीला मिळतं, माणसाला नाही. तेही आयएसओ स्वतः देत नाही, स्वतंत्र प्रमाणन संस्था तपासणी करून देतात. लीड ऑडिटरचा कोर्स म्हणजे ही तपासणी कशी करायची, पथक कसं चालवायचं, त्रुटी कशी लिहायची याचं शिक्षण. साधारण ४० तासांचा, पाच दिवसांचा कोर्स आणि शेवटी परीक्षा. कोर्स पास झाल्यावर लगेच कोणी लीड ऑडिटर होत नाही. नोंदणी हवी तर प्रत्यक्ष ऑडिटचा अनुभव दाखवावा लागतो, हे जाहिरातीत बारीक अक्षरात असतं.

ऑडिटर विचारतो, ‘जे लिहिलंय तसं चालतंय का, आणि जे लिहिलंय ते मानकाला धरून आहे का?’ प्रक्रिया सुधारणारा विचारतो, ‘तसं चालूनही माल खराब का येतोय?’ दोन्हींचा स्वभाव निराळा. तुम्हाला लोकांशी बोलून, कागद उलटून, विसंगती पकडण्यात मजा येत असेल आणि फिरतीची नोकरी चालणार असेल, तर ऑडिटचा रस्ता उत्तम आहे. तुमच्या पत्रावरून मला तसं वाटलं नाही. मॅनेजरना बहुधा पुढच्या ऑडिटआधी एक जाणता माणूस हवा आहे. तेवढ्यासाठी अंतर्गत ऑडिटरचा दोन-तीन दिवसांचा कोर्स पुरतो. तो कंपनीच्या खर्चाने मिळत असेल तर डोळे झाकून घ्या, स्वतःच्या खिशातून लीड ऑडिटर मात्र आत्ता करू नका.

स्टॅटिस्टिक्सची धास्ती. ही मला बरीच फुगवलेली वाटते, आणि ती फुगवण्यात क्लासवाल्यांचा हात आहे. ग्रीन बेल्टला लागतं ते असं: सरासरी, पसारा, प्रमाण विचलन, हिस्टोग्राम, पॅरेटो, कंट्रोल चार्ट, प्रोसेस कॅपेबिलिटी, थोड्या हायपोथिसिस टेस्ट आणि साधं रिग्रेशन. नोकरीत आकडेमोड सॉफ्टवेअर करतं. परीक्षेत काही गणितं हाताने करावी लागतात, पण त्यांची सूत्रं समोर उघडलेल्या पुस्तकात असतात. अडचण येते ती अर्थ लावताना. आणि अर्थ लावायला तुम्ही सहा वर्षं शॉपफ्लोअरवर काढली आहेत, हे तुमचं भांडवल आहे.

एक गोष्ट मात्र आत्ताच पक्की करा, कारण परीक्षेत आणि नोकरीत दोन्हीकडे माणसं इथेच घसरतात. ड्रॉइंगवरची टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालेल हे, ग्राहक ठरवतो. कंट्रोल चार्टवरच्या (प्रक्रियेची मापं वेळेच्या क्रमाने मांडलेल्या आलेखावरच्या) वरच्या-खालच्या रेषा प्रक्रिया स्वतः ठरवते, तिच्याच आकड्यांतून त्या काढायच्या असतात. ग्राहकाच्या मर्यादा कंट्रोल चार्टवर ओढून ‘सगळं आत आहे, ठीक चाललंय’ म्हणणारे सुपरवायझर तुम्ही पाहिले असतील. प्रक्रिया बिघडू लागल्याची खूण त्यांना दिसतच नाही, दिसतो तो थेट रिजेक्ट झालेला भाग. वॉल्टर शूहार्ट या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञांनी १६ मे १९२४ रोजी आपल्या वरिष्ठांना पाठवलेल्या एका पानाच्या टिपणात हा चार्ट पहिल्यांदा मांडला, तो नेमका हा भेद दाखवण्यासाठी: नेहमीचा चढउतार कुठला आणि काहीतरी विशेष घडल्यामुळे आलेला कुठला. नेहमीच्या चढउताराला घाबरून ऑपरेटरने दर तासाला मशीनची सेटिंग हलवली तर माल आणखी बिघडतो. हे एकदा समजलं की निम्मा अभ्यासक्रम आपोआप जागेवर बसतो.

(जाता जाता: ‘सिक्स सिग्मा म्हणजे दहा लाख संधींमागे ३.४ दोष’ हे वाक्य तुम्हाला सगळीकडे भेटेल. सिग्मा म्हणजे प्रमाण विचलन. नॉर्मल वितरणाचा तक्ता उघडून सहा सिग्मापुढचा आकडा शोधलात तर तो कितीतरी लहान निघेल आणि आपलंच चुकलं असं वाटेल. तुमचं चुकलेलं नसतं. काळाच्या ओघात प्रक्रियेची सरासरी १.५ सिग्माने सरकते असं त्या पद्धतीत गृहीत धरलं आहे, म्हणून ३.४ हा आकडा खरं तर ४.५ सिग्माचा आहे. हे गृहीतक कितपत योग्य यावर जाणकारांत वाद आहेत. तुम्ही परीक्षेपुरतं लक्षात ठेवा आणि पुढे चला.)

आता तुमची भांडणं.

एक शिफ्ट पास करते तो माल दुसरी शिफ्ट रिजेक्ट करते. याचा अर्थ तुमच्या कारखान्यात रिजेक्शनचा जो आकडा रोज फळ्यावर लिहिला जातो, त्यावर कोणालाच विश्वास ठेवता येत नाही. थर्मामीटरच दर वेळी वेगळा आकडा दाखवत असेल तर औषधाने ताप उतरला की नाही हे कसं सांगणार? कोणी मोल्डचं तापमान बदलेल, कोणी पॅकिंग बदलेल, रिजेक्शन ‘कमी’ होईल आणि कारण निघेल हे की त्या आठवड्यात ढिल्या हाताचा इन्स्पेक्टर ड्युटीवर होता. सिक्स सिग्माच्या पाच टप्प्यांत (प्रश्न ठरवा, मोजा, विश्लेषण करा, सुधारा, टिकवा) ‘मोजा’च्या आत हा विषय अख्खा बसवलेला आहे. मापाचं साधन गेज असेल तर त्याची परीक्षा गेज आर अँड आर नावाने होते. साधन म्हणजे माणसाचे डोळे असतील आणि निकाल ‘पास’ किंवा ‘रिजेक्ट’ एवढाच असेल, तर तिला अॅट्रिब्यूट अॅग्रीमेंट अॅनालिसिस म्हणतात. हाच तुमचा प्रोजेक्ट. महागडं मशीन नको, बाहेरचा सल्लागार नको, तुमच्या अधिकाराबाहेरचं फारसं काही नको.

कसं करायचं ते थोडक्यात सांगते. तीसपासून पन्नासपर्यंत भाग निवडा. काही निखालस चांगले, काही उघड खराब, आणि बरेचसे सीमेवरचे, ज्यांच्यावरून तुमच्याकडे जुंपते ते. प्रत्येकाचा ‘खरा’ निकाल काय हे आधी ठरवून घ्या. हे काम ग्राहकाच्या प्रतिनिधीने किंवा तुमच्या क्वालिटी प्रमुखांनी करायचं, तुम्ही नाही. भागांवर लपलेले नंबर टाका. मग दोन्ही शिफ्टमधले मिळून तीन इन्स्पेक्टर, प्रत्येकाने सगळे भाग तपासायचे, एकमेकांचा निकाल न पाहता. काही दिवसांनी क्रम बदलून तेच भाग तेच इन्स्पेक्टर पुन्हा तपासतील. आता तुमच्याकडे तीन उत्तरं आहेत: माणूस स्वतःशी किती जुळतो, दुसऱ्याशी किती जुळतो आणि खऱ्या निकालाशी किती जुळतो. यातलं पहिलं उत्तर बहुतेकांना धक्का देतं. भांडण दोन शिफ्टमध्ये आहे असं सगळे समजत असतात, आणि एकच माणूस त्याच भागाला आधी पास आणि नंतर रिजेक्ट म्हणतो असं निघतं.

भाग निवडताना मिश्रणावर एवढा जोर का? समजा शंभरातले पंच्याण्णव भाग चांगलेच घेतले. तर डोळे मिटून सगळ्यांवर ‘पास’चा शिक्का मारणारा माणूसही पंच्याण्णव टक्के बरोबर ठरतो. म्हणून नुसती टक्केवारी पाहत नाहीत, ‘कापा’ (kappa) नावाचा आकडा काढतात. नशिबाने जितकं जुळलं असतं तितकं तो वजा करतो. कापा १ म्हणजे पूर्ण एकमत, ० म्हणजे नाणं उडवल्यासारखं. ०.७५च्या वर असेल तर चांगलं, ०.४०च्या खाली असेल तर वाईट, असा वाहन उद्योगातल्या पुस्तिकांचा प्रघात आहे. सॉफ्टवेअर नसलं तरी तो साध्या स्प्रेडशीटवर निघतो. एकदा हाताने काढा, परीक्षेलाही उपयोग होईल.

सुधारणा काय करायची हे आकडे पाहिल्याशिवाय सांगणं बरोबर नाही, पण अशा ठिकाणी कारणं बहुधा ओळखीची निघतात. ‘ओरखडा नसावा’ एवढंच लिहिलेलं असतं. किती अंतरावरून पाहायचा, किती सेकंद, कोणत्या प्रकाशात, भागाच्या कोणत्या बाजूला किती लांबीपर्यंत चालतो, हे कुठेच लिहिलेलं नसतं. रात्रीच्या शिफ्टला एक ट्यूब बंद असते. लिमिट सॅम्पल, म्हणजे कुठपर्यंतचा दोष चालेल ते दाखवणारे नमुने, असतात, पण कोणाच्या तरी ड्रॉवरमध्ये, वर्षानुवर्षं हाताळून त्यांच्यावरच ओरखडे पडलेले. व्याख्या नीट लिहून घ्या, ग्राहकाच्या सहीचे नवे सॅम्पल बनवून घ्या, दिवा लावून घ्या, आणि मग तीच चाचणी पुन्हा घ्या. आधीचा कापा आणि नंतरचा कापा, आधी महिन्याला किती लॉट पुन्हा उघडून तपासावे लागत होते आणि आता किती लागतात, त्यात किती मनुष्यतास जात होते. एवढं एका पानावर मावतं, आणि वरिष्ठांना तेवढंच हवं असतं. टिकवण्यासाठी सॅम्पल कधी बदलायचे आणि चाचणी पुन्हा कधी घ्यायची हे कंट्रोल प्लॅनमध्ये (काय, कधी, कसं तपासायचं याच्या लेखी आराखड्यात) घालून घ्या.

एक धोका आहे. इन्स्पेक्टरांना ही त्यांची परीक्षा वाटली तर तुमचं सगळं ओमफस. कोणी नेहमीपेक्षा जपून तपासेल, कोणी मुद्दाम नाट लावेल, आणि तुम्ही त्यांच्यातल्याच असल्यामुळे ‘ही आता शहाणी झाली’ हेही ऐकावं लागेल. म्हणून सुरुवातीलाच सांगा की नावं अहवालात येणार नाहीत. अ, ब, क असंच लिहिलं जाईल. आणि तिघांतल्या एक इन्स्पेक्टर म्हणून स्वतःही चाचणीला बसा. तुमचे निकालही गडबडलेले निघाले तर उलट बरंच, बाकीच्यांचा राग तिथेच विरघळेल.

सर्टिफिकेटचं म्हणाल तर माझं मत एएसक्यूच्या ग्रीन बेल्टला. ग्रीनला प्रोजेक्टची अट नसली तरी हा प्रोजेक्ट आत्ताच सुरू करा, कारण अभ्यास त्याच्या अंगाने केला की डोक्यात राहतो. शिवाय पुढे ब्लॅकला बसाल तेव्हा त्याची सही झालेली नोंद हाती असेल. परीक्षेचा अभ्यासक्रम संस्थेच्या साइटवर फुकट मिळतो. तो छापून घ्या आणि प्रत्येक मुद्द्यासमोर ‘करते’, ‘ऐकलंय’, ‘माहीत नाही’ यांपैकी एक लिहा. अभ्यास कुठून सुरू करायचा ते तिथेच दिसेल. रोजचा एक तास पाच-सहा महिने टिकला तर पुरे. परीक्षा संगणकावर असते, ११० प्रश्न आणि चार तासांहून थोडा जास्त वेळ, म्हणजे प्रश्नाला दोन-सव्वादोन मिनिटं. पुस्तक उघडं ठेवायची मुभा आहे म्हणून गाफील राहू नका. पानं चाळण्यात वेळ कसा गेला ते कळतही नाही. अभ्यास करतानाच पुस्तकाला चिठ्ठ्या लावत जा आणि स्वतःच्या हाताने सूची तयार करा, ऐन वेळी तीच धावून येते. ‘पासची हमी’ आणि ‘सवलत आज रात्रीपर्यंतच’ असं म्हणणाऱ्या क्लासपासून लांब राहा. तपासणीपेक्षा तांत्रिक बाजू जास्त आवडू लागली तर याच संस्थेची क्वालिटी इंजिनिअरची परीक्षा आहे, पण तिला आठ वर्षांचा अनुभव लागतो आणि त्यातली तीन निर्णय घेण्याच्या जबाबदारीची. शिक्षणानुसार काही सूट मिळते. ते नंतरचं.

एक काम मात्र पैसे भरण्याआधी करा. तुम्हाला हवी असलेली पुढची नोकरी ज्या जाहिरातींत आहे, अशा दहा-पंधरा जाहिराती समोर घ्या आणि काय किती वेळा मागितलंय त्याच्या रेघा मारा. तुमच्या उद्योगात बेल्टचं नावही कोणी काढत नसेल आणि सगळे ऑडिटरच मागत असतील, तर माझं वरचं मत बाजूला ठेवा.

बढती मिळेल का? सर्टिफिकेट दाखवून कोणी बढती देईल असं मला वाटत नाही. सहा वर्षांत तुम्हाला कोणी सांगितलं आहे का, की पुढच्या पदासाठी नेमकं काय हवं? नसेल तर विचारा, तेही प्रोजेक्टच्या निमित्ताने. मॅनेजरकडे ‘मला कोर्स करायचाय’ म्हणून जाऊ नका. गेल्या तीन महिन्यांची रजिस्टरं काढा, किती लॉटचा निकाल शिफ्ट बदलल्यावर उलटला ते मोजा, आणि तो आकडा घेऊन जा. ‘हे कमी करून दाखवते, चाचणीसाठी तिघांचे दोन-दोन तास द्या, जमलं तर परीक्षेची फी कंपनीने भरावी आणि पुढच्या जागेसाठी माझा विचार व्हावा.’ ते हो म्हणाले तर उत्तम. इतका स्वस्त प्रस्तावही त्यांनी टाळला, तर तुमचा मुक्काम कुठे असावा याचं उत्तर तुम्हाला परीक्षेच्या आधीच मिळेल.

मान्यता घेताना त्याच बैठकीत आणखी एक गोष्ट लेखी मागून घ्या: प्रोजेक्टची माहिती सर्टिफिकेटच्या अर्जासाठी वापरायची परवानगी. ग्राहकाचं नाव, ड्रॉइंग नंबर आणि भागाचे फोटो काढून टाकलेली एक प्रत स्वतःकडे ठेवा, आणि प्रोजेक्ट संपल्या संपल्या प्रतिज्ञापत्रावर सही घ्या. मॅनेजर बदलतात, आणि गेलेल्या मॅनेजरची सही मिळवणं हे परीक्षेपेक्षा अवघड काम आहे.